एकच दिग्दर्शक, दोन व्हिडिओ

हिप हॉप, म्हणजे रॅपवर उभ्या असलेल्या अमेरिकी संगीताच्या व्हिडिओंत बायका शोभेच्या वस्तू का होतात, असं विचारलं की ‘या संगीताची भाषाच तशी’ अशी सबब मिळते. ती तपासायला हाइप विल्यम्स या अमेरिकी दिग्दर्शकाचे दोन व्हिडिओ पाठोपाठ बघावेत: मिसी एलियट या रॅपर गायिकेचा १९९७ मधला ‘द रेन’ आणि जे-झी या रॅपरचा २००० मधला ‘बिग पिंपिन’.

दुसऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्रिनिदादचा कार्निव्हल, महागडी बोट, उधळलेल्या नोटा. पुरुष कपड्यांत, बायका बिकिनीत आणि त्यांच्या अंगावर ओतलेली शॅम्पेन. रॅपरला नाव आहे, आवाज आहे. बायकांना दोन्ही नाही, त्या बोटीसारख्याच त्याच्या श्रीमंतीचा पुरावा. या गाण्याच्या शब्दांबद्दल जे-झीने पुढे स्वतःच खंत व्यक्त केली. चित्रांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो.

‘द रेन’मध्ये मिसी हवा भरलेला काळा चकचकीत सूट घालून उभी राहते. शरीराचा आकारच दिसत नाही! कॅमेरा इथेही बाईवरच रोखलेला आहे, पण मधला भाग फुगवून दाखवणाऱ्या फिशआय लेन्समुळे तिचा चेहरा, तिचे डोळे थेट अंगावर येतात. बघायचं काय, हे तीच ठरवते. लिल किम, द ब्रॅट अशा रॅपर मैत्रिणी येतात त्या पाहुण्या म्हणून, सजावट म्हणून नव्हे. गाण्याचा संगीतनिर्माता टिंबालँड दिसतो, पण मालकी गाजवत नाही.

म्हणजे ‘या संगीताची भाषाच तशी’ ही सबब टिकत नाही. दिग्दर्शक तोच होता, चकचकाटाची हौसही तीच. फरक पडला तो गाणं कुणाचं होतं यामुळे.