चुन्याचं तयार ग्राउट: माल चांगला, गोणी मात्र चाचपून घ्या

ग्राउट म्हणजे भिंतीतल्या भेगा-पोकळ्यांत पातळ करून भरायचं मिश्रण. तुर्भ्याच्या दुकानातली ही त्याची २५ किलोची गोणी, एनएचएल ३.५ दर्जाची (एनएचएल म्हणजे पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, ३.५ हा त्याच्या ताकदीचा दर्जा). भूकंपाने तडे गेलेल्या दगडी देवळांना योग्य. सिमेंट नकोच, ते ओल कोंडतं, क्षार सोडतं आणि शेवटी दगडाचेच पापुद्रे सुटतात.

ग्राउट आत सोडायला भिंतीत १२ मिमीच्या नळ्या ३०-४५ सेंमी अंतरावर बसवा. आदल्या दिवशी भिंत भिजवा, नाहीतर कोरडा दगड पाणी ओढून घेतो नि ग्राउट वाटेतच अडकतं. खालून वर भरा. दाब १ बारच्या आत. जास्त झाला की पोकळ भिंतीचा बाहेरचा थर फुगतो. कोपरे सुटले असतील तर नुसत्या ग्राउटने भागत नाही, सुटलेल्या भिंती एकमेकींना शिवायला स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांचे टाके हवेत.

तक्रार एकच: पावसाळ्यात गोणीत गुठळ्या निघतात. गुठळी दिसली की परत करा, चाळून वापरू नका.