मायोसिन थांबवायचंय, पण पेशी तर हिरव्या: ब्लेबिस्टॅटिन, त्याची दोन भावंडं आणि वाय-२७६३२

परवा खारघरहून ठाणे लोकलमध्ये बसलो होतो. लॅबमधल्या ज्युनियरने विचारलं, "दादा, मायोसिन-२ बंद करायचंय. ऑर्डर कशाची टाकू?" मायोसिन-२ म्हणजे ॲक्टिनच्या तंतूंना (पेशीच्या सांगाड्याला) ओढ देणारं मोटर प्रथिन. घणसोलीला मी उतरेपर्यंत बोलत होतो, तरी अर्धंच सांगून झालं. उरलेलं इथे लिहितो. हे एका लॅबच्या, तेही मुख्यतः चालत्या पेशींच्या अनुभवावरचं मत आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

वाय-२७६३२ हे यासाठी वापरलं जाणारं एक औषध, ते आधी बाजूला ठेवतो. पाण्यात विरघळतं आणि स्टेम सेलवाल्यांच्या फ्रीझरमध्ये हमखास सापडतं, त्यामुळे शेजारून मागून आणता येतं. १० मायक्रोमोलर घातलं की स्ट्रेस फायबर (ॲक्टिन-मायोसिनचे ताणलेले जुडगे) बघता बघता विरतात. पण ते मायोसिनला हात लावत नाही, त्याला चालू करणाऱ्या, साखळीत त्याच्या वरच्या रॉक कायनेज या एन्झाइमला अडवतं. रॉक अडला की मायोसिनच्या लाइट चेनचं फॉस्फोरिलेशन (त्याला चालू करणारी फॉस्फेटची खूण) उतरतं हे खरं. पण रॉकपासून लिम कायनेज आणि पुढे ॲक्टिनचे तंतू तोडणाऱ्या कोफिलिनपर्यंत जाणारी वाटही त्याच वेळी बंद होते, म्हणजे ॲक्टिनचाही हिशेब बदलतो. मग पेशी लांबली ती ओढ गेल्यामुळे की ॲक्टिन बदलल्यामुळे? समीक्षक नेमकं हेच विचारतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं. रॉकच तुमचा विषय असेल तर खुशाल घ्या.

मायोसिनलाच धरायचं तर ब्लेबिस्टॅटिन. २००३ पासून ते वापरात आहे आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. ते मायोसिनच्या डोक्यात शिरून त्याला एडीपी आणि फॉस्फेट धरलेल्या अवस्थेत अडकवतं. त्या अवस्थेत मायोसिनची ॲक्टिनवरची पकड सैल असते. त्यामुळे मोटर थांबते, पण ॲक्टिनला घट्ट चिकटून जाळं आखडवत नाही. मायोसिन १, ५, १० यांना ते जवळपास सोडून देतं. मात्र दुसऱ्या वर्गाच्या आत ते भेद करत नाही. मायोसिन-२ चे टू-ए आणि टू-बी हे प्रकार वेगळे काढायचे असतील तर त्यांच्या जीनचं, म्हणजे एमवायएच-९ किंवा एमवायएच-१० चं सायलेन्सिंगच (जीन गप्प करणं) करावं लागतं, औषधाचं ते काम नाही. ब्लेबिस्टॅटिनची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात; ऋण रूप काम करतं, धन रूप करत नाही. म्हणून धन रूप कंट्रोलसाठी सोबत मागवावं.

आता अडचण कुठे आली ते सांगतो. आमच्या पेशींमध्ये लाइफॲक्ट-जीएफपी होतं, म्हणजे ॲक्टिनला चिकटून हिरवं चमकणारं प्रथिन. २० मायक्रोमोलर ब्लेबिस्टॅटिन, ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर, दर अर्ध्या मिनिटाला एक फ्रेम. सुरुवातीला सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मागची टोकं सुटेनात, शेपट्या लांबत गेल्या. मग पेशी आक्रसल्या, कडेला फुगे आले आणि तासाभरात गोल होऊन सुटल्या. नुसतं डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतो तो द्रव) घातलेल्या डिशवर तोच लेझर, तेवढाच वेळ टाकला होता आणि तिथल्या पेशी ठणठणीत होत्या. त्यामुळे दोष औषधाच्या मात्रेचाच, असं मी धरून चाललो. वहीत लिहिलं, मात्रा जास्त. १० वर आणलं, मग ५ वर. तीन आठवडे यात गेले.

एका संध्याकाळी डिश फेकण्याआधी सहज स्टेज दोन फील्ड सरकवलं. तिथे, त्याच डिशमध्ये, त्याच औषधात, पेशी लांब शेपट्या घेऊन व्यवस्थित चालत होत्या. मेल्या होत्या त्या फक्त निळा उजेड पडलेल्या चौकोनातल्या.

ब्लेबिस्टॅटिन निळा उजेड शोषतं आणि त्यातच खराब होतं. मायोसिनवरचा त्याचा परिणाम जातो आणि जे उरतं ते पेशीला विषारी ठरतं. उजेड कमी केला तर पेशी जगतात, पण औषध हळूहळू निकामी होत राहतं आणि आपल्याला वाटतं हा बॅचच कमजोर आला. मला ही दुसरी चूक पहिलीपेक्षा धोक्याची वाटते, कारण ती दिसत नाही. शिवाय ते स्वतः हिरवट चमकतं आणि मीडियात नीट विरघळलं नाही तर त्याचे कण पेशीवर बसतात. हिरव्या चॅनलमध्ये ते अगदी खऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

यावर उपाय नाही असं नाही. एमचेरी या लाल चमकणाऱ्या प्रथिनाचा टॅग घ्या, ५६१ नॅनोमीटरच्या लेझरने बघा, फेज कॉन्ट्रास्टच्या दिव्यापुढे लाल फिल्टर लावा, कल्चर रूमचे दिवे मालवा, डिश फॉइलमध्ये गुंडाळा. काही जण वर्षानुवर्षं असंच काम करतात आणि उत्तम करतात. पण ज्यांच्या सगळ्या सेल लाइन हिरव्या आहेत, त्यांनी एका औषधासाठी त्या नव्याने करायच्या का?

२०१४ साली ब्लेबिस्टॅटिनचं पहिलं भावंड, पॅरा-नायट्रोब्लेबिस्टॅटिन आलं. ते उजेडात टिकतं, चमकत नाही, पेशी मारत नाही. मी आनंदाने मागवलं आणि विरघळण्यापाशी अडलो. ते पाण्यात ब्लेबिस्टॅटिनपेक्षाही कमी उतरतं. ३७ अंशांच्या मीडियात टाकलं की थोड्या वेळाने सुईसारखे स्फटिक दिसायला लागायचे. मग पेशीला नेमकी किती मात्रा मिळाली हे कसं सांगणार? कमी मात्रेत ज्यांचं काम भागतं त्यांना ते चालेल. आमचं भागलं नाही.

२०१६ च्या दुसऱ्या भावंडावर, पॅरा-अमिनोब्लेबिस्टॅटिनवर मी थांबलो ते यामुळेच. ते पाण्यात बऱ्यापैकी उतरतं, उजेडात टिकतं आणि त्याची चमक नगण्य आहे. २० मायक्रोमोलरवर त्याच हिरव्या पेशी, तोच लेझर, रात्रभर. सकाळी पेशी जिवंत होत्या, शेपट्या लांब होत्या आणि शेजारच्या फील्डमध्येही हुबेहूब तसंच दिसत होतं. औषध धुऊन काढल्यावर त्या पुन्हा आखूड झाल्या. ब्लेबिस्टॅटिनच्या तुलनेत ते थोडं सौम्य वाटतं, म्हणून आपल्या पेशींवर मात्रा एकदा स्वतः ठरवून घ्यावी. महाग आहे, बाहेरून येतं, म्हणून प्रयोगाच्या बरंच आधी मागवावं लागतं.

स्टॉक यातलं कुठलंही असो, पावसाळ्यात जपा. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं आणि जुलैत नवी मुंबईत हवेत पाणीच असतं. मी १० मायक्रोलीटरचे ॲलिकॉट (एकेका वेळेपुरते छोटे वाटे) करतो, ट्यूब खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाही आणि उरलेलं परत गोठवत नाही.

तुमचं काम पेशी फिक्स करून (रसायनाने आहे तशा थांबवून) लांब-लाल रंगाच्या फॅलॉइडिनने (ॲक्टिनला चिकटणाऱ्या रंगाने) बघण्यापुरतं असेल, तर साधं ब्लेबिस्टॅटिन पुरेसं आहे. उगाच जास्त पैसे घालू नका. आमच्याही फ्रीझरमध्ये त्याचे चार ॲलिकॉट फॉइलमध्ये आहेत आणि तशा कामाला मी तेच काढतो. ज्युनियरच्या पेशी मात्र हिरव्या आहेत आणि तिला त्या सहा तास चालताना बघायच्या आहेत. तिला मी पॅरा-अमिनो मागवायला सांगितलं. पहिल्याच डिशला स्टेज दोन फील्ड सरकवून बघ, हेही सांगितलं.