पहिले पैसे वेळेवर देणारी पार्टी

कापडाच्या धंद्यात बुडवण्याच्या बेताने आलेला माणूस सुरुवातीला पैसे देतो, आणि तेही ठरलेल्या तारखेच्या आधी. इचलकरंजीत माग चालवणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी ऐकलेले असते. तरीही दर काही वर्षांनी याच रीतीने कोणाचे तरी पैसे अडकतात, कारण ही फसवणूक बेफिकीर माणसासाठी नव्हे, तर मागचा व्यवहार पाहून पुढचा करणाऱ्या हिशेबी माणसासाठी रचलेली असते. आमच्या कारखान्याचे सुमारे ११ लाख रुपये असेच गेले. घरचा धंदा नुकताच हाती घेतलेल्या तरुणांना उपयोग व्हावा म्हणून ही हकीगत लिहितो आहे. व्यापाऱ्याचे नाव-गाव देत नाही. प्रकरण न्यायालयात आहे, आणि नाव कळून फारसा फायदाही नाही, कारण असा माणूस पुढच्या बाजारात नव्या नावानेच उतरतो.

आमचे २४ साधे माग आहेत. आमच्या गावात पुष्कळ मागवाले व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात. आम्ही सूत स्वतः विकत घेतो, साईझिंगमधून (सुताला खळ देणाऱ्या कारखान्यातून) बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, भरून आणतो आणि कोरे, म्हणजे धुलाई-रंगाई न केलेले, कापड आमच्या जोखमीवर विकतो. सूत व्यापाऱ्याचे पैसे आठ-दहा दिवसांत चुकते करावे लागतात, कामगारांचा पगार आठवड्याला आणि विजेचे बिल महिन्याला भरावे लागते, तर विकलेल्या कापडाचे पैसे यायला ३० ते ६० दिवस लागतात. मधले अंतर बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल देणाऱ्या कर्जखात्यावर, भागते. सगळा खर्च जाऊन मीटरमागे सव्वा रुपया सुटला, तर तो महिना चांगला गेला असे आम्ही समजतो. हा आकडा मुद्दाम सांगतो आहे, कारण बुडालेल्या रकमेचे खरे माप तोच देतो. सव्वा रुपयाच्या हिशेबाने ११ लाख भरून काढायला ८ लाख ८० हजार मीटर कापड विणावे, विकावे आणि त्याचे पैसे वसूल करावे लागतात. आमच्या मागांचे ते सुमारे दोन वर्षांचे काम आहे. उधारीची रक्कम विक्रीच्या शेजारी ठेवून पाहिली की लहान दिसते, नफ्याच्या शेजारी ठेवली की छातीत धस्स होते.

परराज्यातला हा व्यापारी आमच्या नेहमीच्या दलालामार्फत आला. आमच्या बाजारात दलाल सौदा जुळवून देतो, पैशाची हमी सहसा घेत नाही. या व्यवहारात त्याचीही दलाली बुडाली, त्यामुळे तो सामील होता असे मी म्हणणार नाही. व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक तपासला, तो चालू होता. पहिली मागणी बेताची होती आणि तिचे सगळे पैसे गाडी भरण्यापूर्वी खात्यात जमा झाले. दुसऱ्या खेपेला निम्मे पैसे आधी आले आणि निम्मे माल पोहोचताच. तिसऱ्या खेपेला त्याने पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि मुदत संपण्याआधीच खाते चुकते केले. मग दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा गोदामात कापड साचलेले असते आणि बोनसच्या पैशांची तजवीज करायची असते, नेमक्या त्या दिवसांत त्याने आधीच्या तिन्ही खेपांच्या बेरजेपेक्षा कितीतरी मोठी मागणी नोंदवली आणि रकमेचे तुकडे करून पुढच्या तारखांचे धनादेश पाठवून दिले.

या शेवटच्या सौद्यात दोन गोष्टी इतर सौद्यांहून वेगळ्या होत्या आणि त्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. कोऱ्या कापडाचा खरा व्यापारी मीटरमागे दहा-वीस पैशांसाठी अर्धा तास वाद घालतो. याने मात्र आम्ही सांगितलेला भाव एका फोनवर मान्य केला. त्याची सगळी घासाघीस मुदत वाढवून घेण्यासाठी आणि गाडी लवकर सुटण्यासाठी होती. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत, त्याला भावाचे काय? दुसरी गोष्ट गाडी वाटेत असताना घडली. चालकाला परस्पर फोन करून, गोदाम भरले आहे असे सांगून, माल ई-वे बिलावरच्या (जीएसटीखालच्या माल वाहतुकीच्या कागदावरच्या) पत्त्याऐवजी भलत्याच गाळ्यात उतरवून घेण्यात आला. असे अधूनमधून प्रामाणिक व्यापाऱ्याकडेही घडते, म्हणून चालकालाही त्यात काही वावगे वाटले नाही. मालाने एकदा ठरलेला पत्ता सोडला की तो पुढे कोठे गेला हे कागदावरून सिद्ध करणे किती अवघड होते, ते आम्हाला पुढे वकिलाने समजावून सांगितले.

पहिला धनादेश ‘खाते बंद’ असा शेरा घेऊन परत आला. फोन काही दिवस वाजत राहिला, मग बंद झाला. पत्त्यावर गेल्यावर कळले की गाळा महिन्याच्या भाड्याने घेतलेला होता आणि जीएसटी नोंदणी ज्या माणसाच्या नावावर होती, त्याने आपली कागदपत्रे थोड्या पैशांसाठी दुसऱ्याला वापरू दिली होती. आमच्याशी इतके महिने बोलणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते. आमचे कापड मात्र एका बाजारात आम्हाला पडलेल्या खर्चापेक्षाही कमी भावाने रोखीने विकले गेल्याचे नंतर कानावर आले. ज्याला माल फुकटात पडला आहे त्याला तो कोणत्याही भावाने परवडतो.

हळूहळू इतरांचीही माहिती मिळाली. त्याच पंधरवड्यात आमच्या गावातल्या आणखी काही मागवाल्यांकडून आणि एका सूत व्यापाऱ्याकडूनही त्याने अशाच मुदतीवर माल उचलला होता. प्रत्येकाशी त्याचे आधीचे दोन-तीन व्यवहार चोख झाले होते आणि प्रत्येकाने ही चांगली पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, शेजाऱ्यापासून लपवून ठेवली होती. माझ्या मते सगळी फसवणूक उभी होती ती या लपवाछपवीवर. आपले गिऱ्हाईक दुसऱ्याला कळले तर तो पाच पैसे भाव पाडून ते पळवील, ही भीती खोटी नाही, आमच्या धंद्यात तसे रोज घडते. पण तीच भीती या माणसाचे खरे भांडवल होते. पहिल्या खेपांसाठी त्याने वेळेवर मोजलेली रक्कम ही त्याची गुंतवणूक होती आणि आम्ही एकमेकांशी बोलणार नाही हा त्याचा भरवसा होता. आम्ही सगळे एकदा चहाला बसलो असतो, तरी एकाच वेळी इतक्या ठिकाणाहून उधारीवर माल उचलणाऱ्याचा धंदा नक्की केवढा आहे, हा प्रश्न कोणाच्या तरी तोंडून निघाला असता.

बुडालेली रक्कम ही या प्रकारातली एकच इजा असते. दुसरी बँकेकडून होते, आणि नव्या उद्योजकाला तिची कल्पना नसते. कॅश क्रेडिटमधून किती रक्कम उचलता येईल हे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे शिल्लक माल आणि येणे यांच्यावरून ठरते. ९० दिवसांहून जुने येणे बँका साधारणपणे त्या हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे पार्टीचे पैसे आले नाहीतच, शिवाय तीन महिन्यांनी त्या येण्यापोटी मिळणारी उचलही थांबली, आणि सूतवाला तर आठव्या दिवशी दारात उभा. तिसरी इजा जीएसटीची. बिल फाडले की त्या महिन्याच्या विवरणात त्यावरचा कर भरावाच लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत, आणि उधारी बुडाली म्हणून तो परत मिळण्याची सोय या कायद्यात नाही. प्राप्तिकरात बुडीत येणे वजा दाखवता येते, एवढाच दिलासा.

याच काळात एका ‘कर्ज सल्लागारा’ने आम्हाला गाठले. अडचणीत आलेल्या धंद्याची बातमी अशा लोकांना कशी लागते ते कळत नाही, पण लागते. त्याने मुद्रा योजनेचे बोधचिन्ह असलेले मंजुरीपत्र मोबाइलवर पाठवले आणि ‘विम्याच्या हप्त्या’साठी काही हजार रुपये एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर भरायला सांगितले. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत कर्ज बँका आणि वित्तसंस्था देतात. मुद्रा ही संस्था कर्जदाराला थेट पैसे देत नाही आणि मंजुरीपत्रेही पाठवत नाही. आम्ही ते पत्र आमच्या शाखेत नेऊन दाखवले आणि तो विषय तिथेच संपला. आमच्या ओळखीच्या एका टेलरिंगवाल्या ताईंचे मात्र यात पैसे गेले, आणि त्यांना ते सर्वांत जास्त गरज असतानाच गेले.

आता कायद्याविषयी. धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात धनादेशांविषयीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली तक्रार दाखल करावी लागते. ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा टाका, नक्की पास होईल’ असे गोड बोलून हे दिवस घालवायला लावणे हाही या खेळाचाच भाग असतो. धनादेशावरील तारखेपासून तो तीनच महिने चालतो, हेही विसरू नये. खाते बंद करून ठेवले म्हणून धनादेश देणारा या कलमातून सुटत नाही, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर तक्रार आपले खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात करता येते, त्यामुळे परराज्यात खेटे घालावे लागत नाहीत. आरोपी मुळात बनावट माणूस असेल तर मात्र समन्स बजावण्यातच वर्षे जातात.

उशिरा पैसे देणारा आणि न देण्याच्या बेताने आलेला, या दोघांसाठीचे उपाय वेगळे आहेत, आणि हे दोघे एकच समजण्यात वेळ आणि वकिलाची फी फुकट जाते. पहिल्यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायदा चांगला आहे: लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते आणि सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, मात्र माल पाठवण्याच्या आधीच केलेली असावी. ज्याचे गोदाम, घर, नाव बाजारात आहे तो या नोटिशीने हलतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याला तिप्पट व्याजाचा धाक कसला? त्याच्यासाठी पोलिसांत फसवणुकीची तक्रार हाच मार्ग उरतो, आणि तिथे पहिले उत्तर ‘हा दिवाणी मामला आहे’ असे मिळते. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता, हे दाखवल्याशिवाय गुन्हा उभा राहत नाही. एकट्याच्या बिलांवरून तो दिसत नाही, पण एकाच पंधरवड्यात अनेकांकडून उचललेल्या मालाची बिले, ई-वे बिले आणि बंद खात्याचे धनादेश एकत्र ठेवले की तो दिसू लागतो. आम्ही सर्वांनी मिळून अर्ज दिल्यावरच तो पुढे सरकला.

या निमित्ताने जुन्या मागवाल्यांकडून जे ऐकले, त्यातले बरेचसे कुठल्याही लहान उद्योगाला लागू पडते. पन्नास वर्षे धंदा केलेल्या आमच्या एका काकांचा नियम असा की नव्या पार्टीकडून आजवर जेवढा नफा मिळाला असेल, तेवढीच उधारी तिच्यावर चढू द्यायची. मग ती बुडाली तरी घरचे काही जात नाही. दुसरे एक जण नव्या गिऱ्हाइकाची बिल्टी, म्हणजे माल सोडवून घेण्याची ट्रान्सपोर्टची पावती, त्याच्या हातात देत नाहीत, ती बँकेमार्फत पाठवतात, म्हणजे पैसे भरल्याशिवाय माल ट्रान्सपोर्टच्या गोदामातून सुटत नाही. यावर रुसून जाणारे गिऱ्हाईक असते, आणि दिवाळीच्या तोंडावर ते सोडणे जड जाते, हे मी नाकारत नाही. आमची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवताना बँकेने तीन वर्षांचे ताळेबंद, घराचे तारण आणि दोन जामीनदार मागितले होते. त्याच पैशातून विणलेले कापड बाजाराच्या रिवाजाने फोनवरच्या बोलण्यावर जाते, आणि उधारीवर दिलेला माल हे विनातारण कर्जच असते. म्हणून आता नव्या पार्टीचा जीएसटी क्रमांक चालू आहे एवढ्यावर आम्ही थांबत नाही. नोंदणी कोणत्या तारखेची, कोणाच्या नावाची, विवरणे वेळेवर भरली आहेत का हे पोर्टलवर पाहतो, आणि पैसे नोंदणीच्याच नावाच्या खात्यातून येतात की आणखी कोणाच्या, हेही पाहतो. गाडीचा पत्ता वाटेत बदलायचा असेल तर चालकाने आम्हाला विचारल्याशिवाय माल उतरवायचा नाही, हे बिल्टीवरच लिहून दिले जाते.

फसलेल्या मागवाल्यांपैकी काही जण आता महिन्यातून एकदा बसतात आणि ज्या पार्टीने अचानक मोठी मागणी दिली आहे, तिचे नाव एकमेकांना सांगतात. भाव आणि जुनी गिऱ्हाइके यांविषयी तिथे कोणी बोलत नाही, असे ठरले आहे. सगळे येत नाहीत. १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या मालावर घेतलेली कराची वजावट व्याजासह परत करावी लागते, म्हणून त्या व्यापाऱ्याच्या नोंदणीबाबत संबंधित जीएसटी कार्यालयालाही आम्ही सर्व बिलांच्या प्रती जोडून लेखी कळवले आहे. कलम १३८ च्या खटल्यात समन्स अजून बजावले गेलेले नाही.