ॲबा गोल्ड : नाचायची गाणी म्हणून घ्याल तर जरा जपून

सत्तरच्या दशकातली इंग्रजी पॉप गाणी ऐकायचीत पण सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी डोळे झाकून 'ॲबा गोल्ड' सांगतो. 1992 ला निघालेलं कलेक्शन, 19 गाणी, त्यातली चारेक खरं तर 80-81 ची आहेत पण चालतंय. ॲबा हा बँड म्हणजे स्वीडनची चार माणसं, आग्नेथा, ब्यॉर्न, बेनी आणि फ्रिडा, 1974 ला ब्रायटनमध्ये 'वॉटर्लू' गाऊन युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली आणि मग काय, पुढची काही वर्षं सगळीकडे हेच.

'डान्सिंग क्वीन'ने सीडी सुरू होते आणि ते बरोबरच आहे. पियानोवरून सर्रकन बोटं फिरतात आणि गाणं थेट कोरसच्या मधूनच सुरू होतं, म्हणजे पार्टी चालूच होती, तुम्ही उशिरा पोचलात! आवाज एवढा भरलेला का वाटतो तर त्यांचा इंजिनियर मिकाएल ट्रेटोव एकच ट्रॅक दोनदा वाजवून घ्यायचा आणि दुसऱ्या वेळी टेपचा स्पीड अगदी किंचित बदलायचा. हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर यातलं काही कळत नाही.

पण मला विचाराल तर खरी मजा दुःखी गाण्यांत आहे, आणि ती लक्षातच येत नाहीत कारण पाय हलत असतात. 'एसओएस' घ्या, आधी पियानो आणि एकटी आग्नेथा, आवाज अगदी रडवेला, आणि कोरस आला की सगळं धाडकन अंगावर येतं, आपण मस्त मान डोलावतोय आणि ती बाई तिकडे मदतीसाठी हाका मारतेय. 'नोइंग मी, नोइंग यू' तर सरळ संसार मोडल्याचं गाणं, आलं 1977 ला, तेव्हा बँडमधल्या दोन्ही जोड्या शाबूत होत्या. 1980 च्या 'द विनर टेक्स इट ऑल'पर्यंत ब्यॉर्न आणि आग्नेथा वेगळे झालेले, शब्द त्याचे आणि गायचं तिने. (कसं गायली असेल देव जाणे.)

आपल्याकडच्यांसाठी एक गंमत, 'मामा मिया' लावा आणि 1977 च्या 'हम किसीसे कम नहीं'मधलं 'मिल गया हमको साथी' आठवा. पंचमदांनी उचललंय, पण काय झोकात उचललंय राव.

तक्रार एकच, क्रम. हे 'विनर' आठव्या नंबरवर, त्याला लागून लगेच 1976 चं 'मनी मनी मनी', आणि ज्याने सगळं सुरू झालं ते 'वॉटर्लू' पार शेवटी. लोकांच्या वयाबरोबर गाणी कशी उदास होत गेली ते यात कळतच नाही. मी सालाप्रमाणे प्लेलिस्ट लावून घेतली, तुम्हीही लावा.

जुनी सीडी सेकंडहँड मिळत असेल तर बघून घ्या, 1992 वाल्यात 'द नेम ऑफ द गेम' कापलेलं आहे, 1999 च्या रीमास्टरपासून (म्हणजे आवाज नव्याने सुधारून काढलेल्या आवृत्तीपासून) पूर्ण आहे. आणि 'ईगल' शोधत असाल तर ते यात नाही, त्यासाठी 1993 चं 'मोअर ॲबा गोल्ड' घ्यावं लागेल.