काळं ऑइल स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तरी ११,००० मोजले

एकूण ५७,५०० रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, नंतर सांगायला जीभ रेटत नाही. बँकेत २६ वर्षं कर्जाची कागदपत्रं तपासण्यात घालवली, लोकांच्या खोट्या सॅलरी स्लिपा पकडल्या. मला चुना लावला तो ऑइलने माखलेल्या बनियनमधल्या एका माणसाने, तोही कच्च्या बिलावर.

गाडी वडिलांची, १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, गियर स्टिअरिंगला. वडील गेल्यापासून चालवतो मीच, पण बॉनेटखाली हात घालायचे ते. मे महिन्यात चेंबूरहून दादरला जाताना सायनच्या पुलावर भर दुपारी बंद पडली. वीसेक मिनिटांनी आपोआप सुरू झाली, दोन सिग्नल गेले की पुन्हा बंद. मागून हॉर्न, शिव्या, आणि आमची ही शेजारी गप्प बसलेली.

तेवढ्यात बाइकवरचा एक तिशीतला मुलगा थांबला. "काका, पद्मिनी! माझ्या बापाने हिच्यावर टॅक्सी चालवली." पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला तेव्हा कळलं नाही. त्याने बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून फडकं इंजिनाजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ठेवलं. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पंप उचलत नसेल तर जुने टॅक्सीवाले हेच करायचे, त्यामुळे माझा विश्वास बसला. गाडी सुरू झाली, शंभर पावलांवर मेली. "ओल्या फडक्यानेही भागत नाही म्हणजे इंजिन गेलंय काका," म्हणून त्यानेच ओळखीच्या गॅरेजला फोन लावला. गाडी टो करून नेण्याचे २,२०० रुपये.

कोणी म्हणेल, नेहमीच्या मेकॅनिककडे का नाही गेलास? अहो, आहे कुठे नेहमीचा? शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ ला संपली. त्याआधीच या गाड्यांवर हात बसलेली माणसं एकेक करून गावी गेली किंवा दुसऱ्या धंद्याला लागली. नव्या पोरांना पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क, माहीत नाहीत. त्यात पासिंगची तारीख तोंडावर आलेली. घाई मला होती, आणि ती त्या गॅरेजवाल्याने पहिल्या पाच मिनिटांत ओळखली.

"कॉम्प्रेशन गेलंय साहेब. इथेनॉलच्या पेट्रोलने सिलिंडर खाल्ले. बोर करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून, ओव्हरसाइझ पिस्टन टाकावे लागतील." इथेनॉल जुन्या रबराला खातं हे खरं आहे. पंपाचा पडदा, पेट्रोलचा पाइप बदलून घ्याच, तो प्रश्न वेगळा. पण लोखंडाचे सिलिंडर खातं? अर्धं खरं सांगून बाकीचं अर्धं खपवलं. सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज मात्र एकदाही लावला नाही. गेज न लावता जो इंजिन खोलायचं म्हणतो त्याच्याकडून चावी परत घ्या आणि चालू लागा.

पहिल्या दिवशी १५,००० ॲडव्हान्स. चार दिवसांनी पिस्टन, रिंगा आणि बोरिंगचे २२,५००. मग "कार्बोरेटरचा शाफ्ट घासलाय, ओरिजिनल जुना स्टॉक मिळालाय, आज नाही घेतला तर दुसरा नेईल" म्हणून ६,८००. मध्ये एकदा मी गेलो तेव्हा वर्तमानपत्रावर चार काळे पिस्टन मांडून ठेवले होते. "हे तुमचे." मी फोटो काढला आणि हिला पाठवला. अभिमानाने! कुणाच्या गाडीचे होते देव जाणे. ही फोनवर एवढंच म्हणाली, "पक्की पावती घ्या." मी म्हटलं, अशा लोकांकडे पावती मागितली की त्यांना अपमान वाटतो.

आता डिलिव्हरीचा दिवस. हे लिहिताना अजून कान तापतात. वडिलांची सवय, गाडीत बसण्याआधी ऑइलची पट्टी काढून बघायची. मीही सवयीने पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, काढली. ऑइल डांबरासारखं काळं. नुकतं बोर केलेलं इंजिन, त्यात नवं ऑइल, ते मधासारखं दिसायला हवं. पट्टी हातात धरून मी उभा होतो, एक थेंब माझ्या चपलेवर पडला. विचारलं, "हे काळं कसं?" तो म्हणाला, "नवीन रिंगा बसेपर्यंत काळंच दिसतं साहेब." आणि मी मान डोलावली! त्याच क्षणी बॉनेट आपटून बाहेर पडायला हवं होतं. पण ४४,३०० आधीच गेलेले असले की माणूस उरलेल्या ११,००० साठी प्रश्न विचारत नाही, त्याला फक्त सगळं बरोबर आहे असं ऐकायचं असतं. वर तो म्हणाला, "आता बिनधास्त पळवा." नव्या पिस्टनवर पहिले काही शे किलोमीटर गाडी जपून चालवायची असते, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तरी मजुरीचे ११,००० यूपीआयने दिले.

तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडली ती पुन्हा सायनलाच.

शेवटी एका मित्राने भायखळ्याच्या एका म्हाताऱ्या चाचांचा पत्ता दिला. त्यांनी प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरली आणि सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी पिवळी, मरतुकडी. "निळी पाहिजे. कडकड आवाज पाहिजे." डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर बदलला. कंडेन्सर गेला की पॉइंटवरच ठिणगी उडून जाते, प्लगपर्यंत जोर पोचत नाही. तापला की गाडी मरते, थंड झाला की चालू. म्हणजे पुलावर ती जिवंत झाली ती ओल्या फडक्याने नव्हे, वीस मिनिटं थांबल्यामुळे. कंडेन्सर १८० रुपये, मजुरी ३००. गरम असताना बंद आणि थंड झाल्यावर चालू असं होत असेल, तर आधी प्लगची ठिणगी बघा, मग पेट्रोल, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

मग चाचांनी गेज लावला. चारही सिलिंडर जवळजवळ सारखे, उत्तम. गाडीखाली गेले आणि मलाही बोलावलं. वडिलांनी शेवटचं चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचं, पॅकिंग बदललं तेव्हा प्रत्येक बोल्टवर आईच्या नेलपॉलिशची एक रेघ ओढली होती. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. वरची ग्रीस चाचांनी बोटाने पुसली. रेघा अखंड होत्या. चेंबर न उतरवता पिस्टन बदलायचे म्हणजे पोट न फाडता अपेंडिक्स काढायचं. इंजिनाला कोणी हातच लावला नव्हता. कार्बोरेटरला मात्र लावला होता. आमचा चांगला सोलेक्स काढून घेऊन हलणाऱ्या शाफ्टचा कुठला तरी भंगार तुकडा बसवला होता, आणि त्याचेच ६,८०० घेतले होते.

गॅरेजवाला फोन उचलत नाही. बाइकवाल्याचा नंबर बंद.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिलं वाक्य, "गॅरेज आमच्या हद्दीत येत नाही." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी घरून वाचून गेलो होतो. ते सांगितल्यावर साहेबांचा चेहराच बदलला. "तुम्ही वकील आहात का?" दुसऱ्या ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, हे दिवाणी प्रकरण आहे. अहो, काम न करता काम केलं म्हणून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय भाडेकरूचं भांडण आहे? नेलपॉलिशच्या रेघांचे फोटो दाखवले तर दोघे हवालदार हसले. "साहेब, ब्युटी पार्लरची केस आहे का?" तिसऱ्या खेपेला एक साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का जेवायला गेलेल्या माणसाच्या कपाटात. वर फुकटचा सल्ला, "एवढी जुनी गाडी ठेवता कशाला, भंगारात द्या." बँकेत, माझ्याच बँकेत, सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेत. खोटं नाही ते, पण माझ्याच जुन्या सहकाऱ्याने ते मला फॉर्मवरचं वाक्य वाचावं तसं वाचून दाखवलं.

ग्राहक आयोगाचा रस्ता अजून सोडलेला नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पण माझ्याकडे पावती म्हणजे कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली बेरीज. तुम्ही तरी जुना भाग परत मागा, आणि गाडी देण्याआधी बॉनेटखालचे फोटो, नंबर, खुणा सगळं टिपून ठेवा. बायको पावती घ्या म्हणाली तर घ्या.

आणि कुर्ल्याला किंवा चोर बाजारात कुणाला सोलेक्स कार्बोरेटर विकायला दिसला, तर त्याच्या आयडलच्या स्क्रूजवळ नीट बघा. तिथे लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका असेल. वडिलांनी सेटिंग कळावं म्हणून लावलेला. तो आमचा आहे.