झोपेसाठी घरगुती सॉना: एस्पोमधील सदनिकेतला अनुभव

फिनलंडमधील एस्पो येथे आम्ही भाड्याने राहतो त्या सदनिकेत न्हाणीघराला लागूनच विजेवर चालणारा छोटा सॉना, म्हणजे गरम हवेत बसून घाम काढण्याची लाकडी खोली, आहे. सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या या देशात सॉनांची संख्या ३० लाखांच्या घरात सांगितली जाते, त्यामुळे इथे कोणाला त्याचे अप्रूप नाही. ओळखीच्या भारतीय घरांत मात्र प्रवासाच्या बॅगा आणि तांदळाची पोती ठेवायला त्याचा अधिक उपयोग होतो. आम्ही तो रिकामा करून वापरायला घेतला तो झोपेसाठी, आणि हा अभिप्रायही तेवढ्यापुरताच आहे.

६ किलोवॅटचा हीटर, त्यावर रचलेले काळपट दगड, लाकडी बाकांच्या दोन पायऱ्या, एक बादली आणि पळी, एवढाच सरंजाम. खोली तापायला अर्धा-पाऊण तास लागतो. वरच्या बाकाशी तापमान ८० अंशांवर गेले तरी हवा कोरडी असल्याने ते सोसवते. दगडांवर पळीभर पाणी टाकले की मात्र क्षणभर काहीच जाणवत नाही आणि मग छताला लागून आलेली वाफ मानेवर व कानांच्या पाळ्यांवर उतरते. नवख्याने खालच्या बाकावरच बसावे.

झोपेच्या दृष्टीने सॉना किती तापवला यापेक्षा तो केव्हा आटोपला याला अधिक महत्त्व आहे. झोप लागण्याच्या सुमारास शरीराचे आतले तापमान एरवीही उतरू लागते. उष्णतेने हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बाहेर आल्यावर त्यांतून आतली उष्णता झपाट्याने निघून जाते, त्यामुळे या उताराला जोर मिळतो. अकराला निजायचे असेल तर नऊ-साडेनऊपर्यंत बाहेर पडलेले बरे. त्याहून उशीर केल्यास अंथरुणावर पडल्यावरही घाम येत राहतो. वेळ साधली की अभ्यंगस्नानानंतर येते तशी सुस्ती येते आणि झोप लवकर लागते. पहाटे जाग येण्याची माझी सवय मात्र जराही बदलली नाही, आणि जूनमध्ये, रात्री अकरालाही बाहेर उजेड असताना, सॉनापेक्षा जाड पडदेच अधिक कामाला आले.

गैरसोयीही आहेत. आमच्या सॉनाची एक भिंत शयनगृहाला लागून आहे, म्हणजे जी खोली थंड हवी तीच उन्हाळ्यात तापते. हा दोष घर बांधणाऱ्याचा. एका वेळेस सहा-सात युनिट वीज सहज जाते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि मद्य घेऊन तर आत मुळीच बसू नये.

घरात सॉना आयता असेल तर तो जरूर वापरावा, परंतु केवळ झोपेसाठी पुण्या-मुंबईच्या सदनिकेत लाखभर रुपयांची इन्फ्रारेड कॅबिन (अवरक्त किरणांनी अंग तापवणारी सॉनासारखी खोली) बसवण्याचा सल्ला मी देणार नाही. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २०१९ मध्ये असे मांडले की निजण्यापूर्वी एक ते दोन तास, ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने अवघी दहा मिनिटे स्नान केले तरी झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते. तेवढे काम न्हाणीघरातला गीझर करतो.