एजंटाला चार तारे, त्याच्या कागदाला दोन

आई गेल्यावर मुलुंड पूर्वेचा वन-रूम-किचन दोन वर्षं बंद होता. १९८४ ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, ३८५ फूट कार्पेट. मी बोरिवलीला राहते. घर बघायला कोणी येणार म्हटलं की दादरला गाडी बदलून जायचं, आणि तो माणूस ऐन वेळी फोन उचलायचा नाही. शेवटी एका एजंटाकडे काम सोपवलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार अर्धीच आहे.

एरवी आपल्याकडे सगळा तोंडी कारभार असतो. किल्ली शेजारी, फोटो ब्रोकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि एकाच घराचे पाच भाव. यानं मात्र तीन पानांचा करार पुढे केला. ९० दिवस घर फक्त त्याच्याकडे, दलाली २ टक्के, वर १८ टक्के जीएसटी. लेखी आहे हे बघून मला बरंच वाटलं. कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाचा, नंबरही होता. पण तो नोंदणी झालेल्या प्रकल्पांमधल्या व्यवहारांसाठी लागतो. आमच्या जुन्या इमारतीतल्या रीसेलला आधार काय तो या कागदाचाच, म्हणून भाचेजावयाला घेऊन एकेक ओळ वाचली.

अर्धी दलाली टोकनच्या दिवशी द्यायची, असं एक कलम होतं. करारात वेगळं ठरलं नसेल तर काम पुरं होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ सांगतं. मग आपणच वेगळं कशाला ठरवा? खोडलं. मुदत संपल्यावर सहा महिन्यांत घर कोणालाही विकलं तरी दलाली द्यायची, हेही होतं. तिथे ‘त्यानं घर दाखवलेल्या आणि लेखी यादीत नाव असलेल्या माणसाला’ असं घालून घेतलं. दोन्हीला तो हूं की चूं न करता तयार झाला.

तिसऱ्यावर अडलं. समोरच्या काकूंच्या लेकीचा या घरावर आधीपासून डोळा होता. तिनं घेतलं तर दलाली नाही, एवढं लिहा म्हटलं. “मॅडम, तेवढं तोंडी राहू द्या. मी आहे ना!” बत्तीस वर्षं मुलांना ‘लिहून घ्या’ सांगणारी मी बाई, गप्प बसले.

दोन महिन्यांत चौदा माणसं येऊन गेली. जिना चढून आलेले निम्मे लोक धापा टाकत ‘रीडेव्हलपमेंट कधी?’ एवढंच विचारायचे. आणि घर घेतलं कोणी? काकूंच्या लेकीनं, ९२ लाखांना. एजंटानं शांतपणे करार उघडून बोट ठेवलं: या ९० दिवसांत गिऱ्हाईक कोणीही आणो, दलाली पूर्ण. म्हणजे जीएसटी धरून २,१७,१२० रुपये. मी तावातावानं बोलले, पण खाली सही माझीच होती.

तरी चार तारे का? सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे घराच्या मालकीचा कागद, अजून आईच्या नावावर होतं. ते तुमच्या नावावर झाल्याशिवाय घेणाऱ्याला बँक कर्ज देणार नाही, हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. भावाचं हक्कसोडपत्र रजिस्टर करायला तो स्वतः सोबत आला. सोसायटीच्या सेक्रेटरीला एनओसीसाठी रोज फोन केले. घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो हे काकूंच्या जावयाला ठाऊकच नव्हतं, तेही यानं करून घेतलं. गिऱ्हाईक आणलं नाही, पण ही धावपळ मला एकटीला झेपली नसती.

शेवटी १ टक्क्यावर तुटलं: ९२,००० आणि जीएसटी १६,५६०. रजिस्ट्रेशनच्या दिवशीच चेक दिला. पावती त्यानं न मागता दिली. तिच्यावर ‘स्पेशल डिस्काउंट’ असं लिहिलंय. काकूंच्या लेकीचा उल्लेख तिथेही नाही.